आबांची गळती, माझी मिशी

हातातला चहा आधी संपवा, नाहीतर हसताना ठसका लागायचा आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटायचं! मिशा ठेवणारे पुष्कळ असतात हो, पण दुसऱ्याच्या दुखण्यापायी स्वतःची मिशी उडवणारा अख्ख्या लोणावळ्यात मी एकटाच.

मी एका हॉटेलात रिसेप्शनला असतो. मला झोपेत श्वास अडकण्याचा आजार, स्लीप ॲप्निया. रात्रभर घोरायचो आणि दिवसा काउंटरवर पेंगायचो. एकदा तर पाहुण्याला किल्ली देता देताच डोळा लागला. किल्ली दोघांच्या हातात, पाहुणा ओढतोय आणि मी सोडत नाही! मालक म्हणाले, "पुन्हा झोपलात तर घरीच झोपा. कायमचे."

सासूबाई गेल्यापासून माझे सासरे, आबा, आमच्याकडेच असतात. त्यांनाही हाच आजार. डॉक्टरांनी दोघांनाही नाकावर मास्क लावून हवा सोडणारं मशीन दिलं. अगदी एकसारखं.

हे मशीन मोबाईलच्या ॲपला जोडलं की रोज सकाळी झोपेचा रिपोर्ट येतो. जोडणार कोण? अर्थात मी! दोन्ही फोन घेऊन बसलो. स्क्रीनवर दोन मशीनं दिसली, फक्त नंबरचे शेवटचे आकडे वेगळे. चष्मा आतल्या खोलीत. म्हटलं, वरचं माझं, खालचं आबांचं. घरातल्या घरात चुकून चुकून किती चुकणार?

सकाळी माझ्या फोनवर लाल, रडका चेहरा. 'मास्कमधून हवा गळते आहे.' आबांच्या फोनवर मात्र हिरवा, हसरा.

"जावईबापू, मला शाबासकी दिलीया बगा!"

मी मास्कचे पट्टे आवळले. लाल. आणखी आवळले, गालावर वळ उठले. तरी लाल! बायको म्हणाली, "तोंड उघडं राहत असेल," आणि तिने मफलरने माझी हनुवटी थेट डोक्याला बांधली. लालच!

त्यात मनगटावरचं घड्याळही मी हौसेनं त्याच ॲपला जोडलेलं. घड्याळ म्हणायचं, साहेब सातपर्यंत गाढ झोपलेत. मशीन म्हणायचं, छे, पहाटेच मास्क काढून गेलेत!

"गेलेत म्हणजे? कुठे जाता हो पहाटे?" बायकोने कमरेवर हात ठेवून विचारलं.

गंमत म्हणजे मला एकदम ताजंतवानं वाटत होतं. काउंटरवर टक्क जागा! पण फोन सांगतोय झोप वाईट, तर आपल्याला बरं वाटून काय उपयोग?

शेवटी ॲपने सल्ला दिला, दाढी-मिशीमुळे हवा गळू शकते. माझी मिशी! पर्यटक तिच्यासोबत फोटो काढायचे हो!

"आबा, तुमची मिशी माझ्या दुप्पट. मग तुमची हवा कशी गळत नाही?"

"आमची शेतातली हाय, हवा आडवती. तुमची हाटेलातली, निस्ती दिकाव्याची."

उडवली! हॉटेलच्या गेटवर वॉचमनने अडवलं, "कोणाला भेटायचंय, साहेब?" तेही सोसलं. आणि दुसऱ्या सकाळचा रिपोर्ट? लाल!

पुढे आबा कोर्टाच्या तारखेसाठी वडगावला भाचीकडे मुक्कामी गेले, मशीन घेऊन. सकाळी माझा फोन म्हणतो, 'काल रात्री मशीन सापडले नाही.' अरे, रात्रभर नाकावर होतं की! तेवढ्यात आबांचाच फोन.

"जावईबापू, माजं हसरं तोंड कुटं गेलं? ह्यो मोबाईल म्हनतोय, मशीनच न्हाई हितं. मग माज्या उशाशी काय हाय?"

मी चष्मा शोधला, मशीन उलटं केलं आणि नंबर माझ्या ॲपमधल्या नंबराशी ताडून पाहिला. जुळेना! हे तर आबांच्या फोनला जोडलेलं! म्हणजे गळती आबांची, पहाटे उठणारे आबा, आणि शाबासकी माझी!

आबा परतल्यावर त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मनात एकच समाधान होतं, आता त्यांचीही मिशी जाणार. डॉक्टर म्हणाले, "छे छे, मिशी कशाला काढायची? नाकपुडीला बसणारा छोटा मास्क मिळतो, तो देतो."

मग दोन्ही मशीनचे रिपोर्ट चाळून ते माझ्याकडे वळले. "तुमची झोप तर पहिल्या दिवसापासून उत्तम आहे. पण गालावर हे वळ कसले? आणि मिशी कुठे गेली?"

मी तोंड उघडायच्या आत आबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "त्याचं काय हाय डाक्टर, दुकनं माजं हुतं, पर औषद जावयानं घेतलं!"