माहुलच्या खाडीत रुतलेला ट्रक

मी भुताखेताच्या असल्या गोष्टी मानत नाही. फोनवर लोकांचे असे अनुभव वाचते आणि गालातल्या गालात हसते. पण हे माझ्याच बाबतीत घडलं... चौथीपर्यंत शिकले, चारचौघांत तोंड उघडत नाही. म्हणून आपलं माझ्यापुरतं लिहून ठेवते.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माहुलची खाडी, चांगली उन्हं आलेली. जाळी डोक्यावरून वाहायला नकोत म्हणून आमचे हे ट्रक थेट होडीपाशी घेऊन गेले. ओहोटीचा चिखल वरून सुका दिसतो, खाली नुसतं लोणी. मागची चाकं अर्ध्याच्या वर रुतली. त्यात भरती चढायला लागली. खारं पाणी इंजिनात शिरलं असतं तर ट्रक गेला आणि आमचं पोटही.

दिरांनी वरच्या रस्त्यावर आपला टेम्पो लावला. होडी ओढायचा जुना दोर टेम्पोला आणि ट्रकच्या मागच्या हुकाला बांधला. हे ट्रकमध्ये बसले. टेम्पोने ओढ घेतली मात्र, सगळा कोळीवाडा धावत येऊन दोराला लागला! आमच्यात असंच — दोर ताणलेला दिसला की हात आपोआप जातो. मीही धरला, सगळ्यांच्या मागे.

"ओढा रे! नवरीसारखा लाजतोय मेला ट्रक!" जाऊबाई ओरडल्या.

तेवढ्यात माझ्या कानामागे आवाज आला... "दोर सोड, पोरी."

माझ्या सासऱ्यांचा आवाज. ते तर केव्हाच गेले. मी वळून पाहिलं — कुणी नाही. चिखलात माझ्याच पावलांचे ठसे.

आणि मी ओरडले, "सोडा! दोर सोडा! लांब व्हा!"

माझा आवाज कोळीवाड्याने कधी ऐकलाच नव्हता. दचकूनच सगळे बाजूला झाले. तोच दोर फाडकन तुटला आणि आम्ही उभे होतो तिथून चाबकासारखा गेला.

मग जाऊबाई म्हणाल्या, "अगं बाय, तुला बोलता येतं होय? मग आता तूच सांग, काय करायचं!"

सांगितलं. होडीच्या नांगराचा नवा दोर दुहेरी बांधला, चाकांखाली फळ्या सारल्या, सगळ्यांना लांब उभं केलं. एका म्हाताऱ्यांचा हात पुन्हा दोराकडे गेला, तर "काका, हात मागे!" म्हणून दटावलं. मी! मग सासरे होडी ओढताना द्यायचे तशी हाक दिली, "हैय्या... हो!" दोन्ही गाड्यांनी एकदम जोर लावला आणि ट्रक बाहेर आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

हे म्हणतात, दोर करकरला असेल, तेच तुला ऐकू आलं. पण दोन इंजिनं घोंघावत होती, शेजारणीचं बोलणं कळत नव्हतं. आणि सासऱ्यांनी तर जन्मभर एकच शिकवलं — काही झालं तरी दोर सोडायचा नाही. मग मला सोडायला कोणी सांगितलं? आजही कळलेलं नाही.

ते कुणीही असो... त्या दिवशी सगळी माणसं धडधाकट घरी गेली, ती माझ्या आवाजाने.