आठवीच्या फॉर्मवरचा अंगठा

"फुकट? कोण देतं फुकट? बाई, आधी सांगा, आमच्या मिठागराचं काय लिवलंय त्यात!"

माझ्या वडिलांचा, आबांचा, हा आवाज खाडीपल्याड गेला आणि तिथल्या लोकांनी वादळ आलं समजून होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या. आमच्या अंगणात उभ्या होत्या जिल्हा परिषद शाळेच्या बाई. हातात माझा आठवीच्या प्रवेशाचा फॉर्म आणि शाईचं पॅड. गावची शाळा सातवीपर्यंतच, पुढची सरकारी शाळा तालुक्याला. फी नाही, पुस्तकं फुकट, मुलींना एसटीचा पाससुद्धा फुकट. मुदत त्याच दिवशी संपत होती. आबांचा अंगठा नाही, तर मी कायमची घरी.

आबांचा संशय असातसा नव्हता. भरती वेळेवर आली तरी विचारायचे, हिला कोणी धाडली? पण त्याला कारण होतं. मागे एका साहेबाने "नुसती मोजणी हाय" म्हणत त्यांचा अंगठा घेतला होता, आणि अर्ध्या मिठागरावरून आता कंटेनरचे ट्रेलर धावतात.

"पास देणार, पुस्तकं देणार. नि बदल्यात घेणार काय?"

"काही नाही हो. पोरगी शिकली की सगळ्यांचंच भलं."

"सगळे म्हंजे कोण? नावं सांगा."

बाईंनी नुसता फॉर्म पुढे केला. आबा माझ्याकडे वळले. "तू वाच गो. हिचा इस्वास न्हाय."

मी वाचला. मग त्यांनी खालून वर वाचायला लावला, फसवणूक म्हणे तळाशी दडून बसते. तोवर शेजारीपाजारी जमले, त्यांनाही काळंबेरं दिसू लागलं. आबांनी पॅड परत ढकललं. तेव्हा मी फॉर्म तिसऱ्यांदा उचलला आणि खणखणीत आवाजात एक ओळ पदरची वाचली, "पालकाच्या जमिनीला कोणीही हात लावणार नाही."

बाईंना ठसका लागला. आबांनी अंगठा असा दाबला, की फॉर्मच्या पलीकडे हाताखालच्या पाटावरही उठला.

आज वाडीतला प्रत्येक कागद आधी माझ्या ओट्यावर येतो. विजेचं बिल, दवाखान्याचा रिपोर्ट, मोजणीची नोटीस. वाचून घेतल्याशिवाय कोणी अंगठा देत नाही. मी पैसे घेत नाही, म्हणून अर्धी वाडी माझ्यावरही डोळा ठेवून असते.

परवा आबांपाशी कबूल केलं, ती ओळ फॉर्ममध्ये नव्हतीच.

ते वाल सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाव व्हतं. सरकारी कागद इतका सरळ बोलत न्हाय."