ट्रेलरच्या शेपटीतला पाटा

साठच्या दशकात आम्ही कुवेत सिटीतलं घर सोडून अबू हलीफाला समुद्राजवळ राहायला गेलो. सामान हलवायला लॉरी सांगावी, असं माझं मत होतं. माझ्या मेहुण्याचं नव्हतं. तो तेव्हा आमच्याकडेच राहत होता, आणि दुसऱ्याच्या गाडीचं काय करावं याबद्दल त्याची मतं नेहमीच ठाम असत.

"भावोजी, एवढी मोठी व्हॅन दारात उभी आहे. मागं ट्रेलर बांधला की झालं. चांगला जाड दोर घेऊ."

त्या व्हॅनमध्ये माझी बायको आणि दोन मुली बसणार होत्या. दोर तुटल्यावर ट्रेलर कोणाच्या पाठीत बसणार, हा प्रश्न मेहुण्याला पडला नव्हता. तो मला पडला, आणि म्हणून माझे पुढचे सगळे शुक्रवार गाडीखाली गेले. मागच्या बाजूला सांगाड्याला जाड लोखंडी पट्टी बोल्टांनी आवळली, तिच्यावर ट्रेलर अडकवायचा गोळा बसवला. गोळा सुटलाच तर ट्रेलर धरून ठेवायला दोन साखळ्या फुलीसारख्या जोडल्या. मागच्या दिव्यांची वायर ट्रेलरपर्यंत नेली. दोन्ही बाजूंना लांब दांड्याचे आरसे लावले. मेहुण्यानं या कामात सावलीतून खूप मदत केली.

राहिलं वजन. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडावर पडायला हवा. त्याहून फार कमी पडला तर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. आमच्या खालीच रत्नागिरीकडच्या एका मुसलमान व्यापाऱ्याचं तांदळाचं दुकान होतं. त्यांचा वजनकाटा मी मागितला आणि ट्रेलरचा दांडा त्याच्यावर टेकवला.

"भाऊ, हा तांदळाचा काटा," ते म्हणाले. "संसार जोखायला अजून कोणी आलं नव्हतं."

काट्यावर आकडा बरोबर येईपर्यंत मी संसार पुढेमागे सरकवला. पाटा-वरवंटा आणि तांदळाची गोणी, म्हणजे घरातल्या सर्वांत जड वस्तू, चाकांच्या थोड्या पुढे ठेवल्या. मग किल्ल्या द्यायला हारिसकडे, म्हणजे इमारतीच्या राखणदाराकडे गेलो. त्याला प्रत्येक नळ सोडून बघायचा होता. परत आलो तोवर ट्रेलरवर ताडपत्री चढली होती. घरच्या मंडळींनी आपण होऊन काम केलं, याचा मला आनंद झाला. अनुभवी माणसाला तिथंच संशय यायला हवा होता.

गावाबाहेर मोकळा रस्ता लागला. ताशी चाळीस मैलांवर काटा आला आणि आरशात ट्रेलर एकदा डावीकडून डोकावला, एकदा उजवीकडून. स्टिअरिंग हातात हलकं लागू लागलं. समोरून पाण्याचा टँकर येत होता. मागं धाकटी म्हणाली, "बाबा, गाडी नाचतेय." ब्रेकवर पाय न देता मी फक्त अॅक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग सरळ धरलं. टँकर बाजूनं निघून गेला. पुढे कडेच्या घट्ट जमिनीवर मी गाडी थांबवली.

ताडपत्री उचलली. पाटा, वरवंटा आणि गोणी ट्रेलरच्या अगदी टोकाला सुखानं बसले होते.

"हे मागे कोणी आणलं?"

"ताईनं सांगितलं, मी उचललं," मेहुणा म्हणाला.

"अहो, नव्या घरात आधी देव, मग पाणी, मग पाटा," बायको म्हणाली. "तुम्ही तो तळाशी घातलात. तिथं पोचल्यावर अख्खा ट्रेलर उपसायचा का?"

हा हिशेब चुकीचा नव्हता. आधी काढायचं ते शेवटी भरायचं. फक्त त्यात आपण जिवंत पोचू, हे गृहीत धरलं होतं.

गोणी मी पूर्वीच्या जागी नेली. पाटा तळाशी घालायला बायको तयार नव्हती आणि टोकाला ठेवायला मी.

"मग माझ्या पायाशी ठेवा," पुढच्या सीटवरचा मेहुणा म्हणाला.

"पाट्याला पाय लावतोस?" बायको म्हणाली.

खाली नाही, तर सीटवर. पाटा माझ्या शेजारी बसला; मागं बायको, मुली आणि बोचकी यांत आधीच जागा नव्हती.

"मग मी ट्रेलरमध्ये बसतो."

"ट्रेलरमध्ये माणूस बसत नाही," मी म्हणालो. "टॅक्सीनं ये."

"भावोजी, पाट्यापेक्षा माझी किंमत कमी?"

"तो आत्तापर्यंत काही बोललेला नाही."

उरलेल्या वाटेत ट्रेलर सरळ चालला. मुली झोपल्या. मांडीवर देव घेऊन बसलेली बायको एकदाही 'हळू' म्हणाली नाही. आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

अबू हलीफाला देव आत गेले, पाण्याची कळशी गेली, पाटा गेला. मी गादी उचलली तशी बायको उंबऱ्यात आडवी आली.

"वरवंटा कुठाय?"

वरवंटा सामान हलवताना मेहुण्याच्या हातात दिला होता. तो तसाच हातात घेऊन तो रस्त्यावर टॅक्सी शोधत होता. पाटा-वरवंट्याची जोडी पुरी झाल्याशिवाय दुसरं काही आत जाणार नव्हतं. भरलेला ट्रेलर उन्हात उभा करून आम्ही चौघं जिन्यावर बसलो आणि ज्याला मी मोठ्या समाधानानं मागे सोडून आलो होतो, त्याची वाट पाहू लागलो.