टाच टेकेना

"पाय घोड्याच्या खुरासारखा खाली वळलाय," डॉक्टर म्हणाले. "याला इक्वायनस म्हणतात."

मधुमेहामुळे माझ्या उजव्या पायाची बोटं आणि पुढचा भाग आधीच कापला होता. अशा पायात अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीपासून टाचेपर्यंतची जाड शीर, टाचेला वर ओढत राहते. सगळा भार कापलेल्या टोकावर येतो. तिथे जखम होऊन ती कुजत होती. मोजा सोलून काढावा लागे.

पाय काटकोनात राहावा म्हणून स्प्लिंट, म्हणजे आधाराचा साचा, दिला होता. झोपतानाही घालायचा. पण त्याला चामड्याचा पट्टा. कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत पलंगाच्या उशाशी देवघर, म्हणून मी तो दाराबाहेर चपलांमध्ये ठेवायचो.

"अहो, देवाला चालतं. तुम्हालाच नकोय," माझी बायको सीमा म्हणायची.

खरंच नको होता. तो घालायचा तर पायाच्या त्या उरलेल्या ठोकळ्याकडे बघावं लागे. ड्रेसिंग सीमा करायची, मी भिंतीकडे तोंड करून बसायचो.

"टेंडन लांबवू," डॉक्टर म्हणाले. "टाच टेकली, जखम भरली, तर पाय राहील. नाहीतर गुडघ्याखाली कापावा लागेल."

बाहेर बाकावर करावे गावच्या एक मावशी शेजारी होत्या. त्यांनी नाकाला पदर लावला. "दादा, मी मासली साफ करनारी बाय. पन ह्यो वास येगलाच हाय." तरी त्या उठल्या नाहीत.

पोटरीखाली बारीक छेद देऊन टेंडन सैल केला. मग प्लास्टर. आत घाम, खाज आणि माझाच आंबूस वास. ते कापलं तेव्हा मेलेली कातडी सायीसारखी निघाली. मला ओकारी आली.

"आता बघा तरी. तुमचाच आहे," सीमा म्हणाली.

बघितलं. जखम मिटली होती. डॉक्टरांनी उभं केलं. टाच फरशीला टेकली. फरशी गार लागली.

घरी आल्यावर सीमाला विचारलं, "तुला कधी किळस आली नाही?"

"यायची ना. ड्रेसिंग झालं की बाथरूममध्ये जाऊन ओकायचे. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडायचे."

मला वाटायचं, ती हात धुतेय.

आता पाय मीच धुतो, तळव्याखाली आरसा धरून बघतो. किळस अजून येते. तुम्हालाही येईल. येऊ द्या, पण तोंड फिरवू नका. तुम्ही फिरवलंत, तर ते घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बघावं लागतं.