मुडदुसाचं औषध आणायला अलोऱ्याला गेले होते

फिरायला गेले होते असं लिहिलं तर खोटं होईल. पळून गेले होते. तरी ज्यांना रत्नागिरीहून अलोऱ्याच्या बाजूला लहान मूल घेऊन एसटीनं जायचं असेल त्यांना उपयोग होईल म्हणून गाडी, खाणं, रस्ता सगळं सांगते.

आम्ही रत्नागिरीत मिरकरवाड्याला, बंदराजवळ राहतो. माझे मिस्टर ट्रॉलरवर आहेत. गेले की आठ-दहा दिवस येत नाहीत. मुलगी दुर्वा, अडीच वर्षांची. खाते, पण अंगाला लागत नाही. चार पावलं पळाली की खाली बसते, धाप लागते. मागच्या महिन्यात खोकल्यासाठी नेली तर डॉक्टरांनी नळी छातीला लावली ती किती वेळ काढलीच नाही. मग दुसऱ्या दवाखान्यात मशीनवर बघितलं. तिथले डॉक्टर बोलले, हृदयाला भोक आहे, मोठं आहे. ऑपरेशन लागेल, मुंबईला जावं लागेल. मुलं बरी होतात, पण वेळ घालवू नका. कागद दिला, फोन नंबर दिला. मी कागदाची घडी केली आणि पिशवीत घातली. मिस्टरांचा बोटीवरून फोन आला तेव्हा मी बोलले, "खोकलाच आहे, औषध दिलंय."

एवढीशी छाती. त्यात कुठं कापणार? तीन दिवस माझ्या पोटात घास गेला नाही. चौथ्या दिवशी मला आक्का आत्या आठवली.

आक्का म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. अलोऱ्याच्या वर आमची वाडी आहे, तिथं ती आणि तिचा भाऊ केरू काका दोघंच राहतात. माझे आईबाबा भावाकडे मुंबईला. आक्का मुडदुसाचं औषध देते. मुडदूस झाला की पोर सुकत जातं, हातापायाच्या काड्या होतात. लहानपणी मला पण झालेला. आक्कानं कसलं तरी मूळ उगाळून पाजलं आणि मी बरी झाले. ना मशीन, ना कागद. मी सासूबाईंना बोलले, "चार दिवस माहेरी जाऊन येते." त्या बोलल्या, "जा. तुझा पण चेहरा उतरलाय."

शनिवारी सकाळी निघालो. मिरकरवाड्याहून रिक्षानं स्टँड, तिथून चिपळूण गाडी. बायकांना अर्धं तिकीट आहे, लहान मुलाला तिकीटच नाही. मूल असेल तर पुढची सीट धरा, मागं फार आपटतं. रस्ता काही ठिकाणी छान झालाय, काही ठिकाणी अजून धूळच धूळ. तीन तास धरून चाला. ओला फडका आणि पाणी जवळ ठेवा. संगमेश्वरला गाडी थांबते तिथं उतरून पाय मोकळे करता येतात, पण मी उतरले नाही. दुर्वा मांडीवर झोपली होती.

बाजूला एक बाई बसलेली, टोपली घेऊन. किती वेळ पोरीकडे बघत होती.

"ओठ निळे का गो तिचे?"

"थंडीनं," मी बोलले.

बाईनं आपल्या अंगावरची शाल काढून दुर्वाच्या पायावर टाकली. गाडीत गरम होत होतं. मी खिडकीतनं बाहेर बघत राहिले.

चिपळूणला स्टँडवर वडापाव खाल्ला, दुर्वाला केळं दिलं. अलोऱ्याकडे जाणारी गाडी तासाभरानं मिळाली. गाडीची वेळ आधी विचारून घ्या, दुपारच्या कमी आहेत. पुढं डोंगर जवळ येतात आणि हवा बदलते. अलोऱ्याला कोयनेच्या प्रोजेक्टची कॉलनी आहे, सरळ रस्ते, एकासारखी एक घरं. आम्ही लहान असताना कॉलनीत दवाखाना होता. वाडीतलं कोणी जायचं नाही. आई बोलायची, "तिथं गेलं की सुई टोचतात." तेवढं सांगितलं की आमचा आजार पळायचा.

कॉलनीपासून वाडी चढावर. मी नेहमी चालत जाते, वीस मिनिटं लागतात. ह्या वेळी रिक्षा केली. रिक्षावाला जास्त मागतो, कारण परत रिकामा येतो. घासाघीस करायला माझ्यात ताकद नव्हती.

केरू काका बांधावरच उभा होता. सत्तरी ओलांडली तरी काठी नाही. त्याच्या नाकाला उजव्या बाजूला भोक आहे, बायकांसारखं. लहानपणी आम्ही त्याला चिडवायचो, काका तुझी नथ कुठं हरवली?

"काय गो, मिरकरवाड्याची सून रिकाम्या हातानं आलीस?"

"सुका बांगडा आणलाय काका. जवळा पण."

"मग ये आत. नायतर परत पाठवलं असतं."

आक्का चुलीपुढं होती. तिच्या एका डोळ्यावर पांढरं आलंय. तिनं हातानं चाचपून दुर्वाचा दंड धरला आणि सोडला. बोलली, "उद्या ऐतवार. चांगला दिवस हाय. सकाळी हिला काय देऊ नको."

माझा अर्धा जीव तिथंच हलका झाला.

संध्याकाळी मी पडवीत बसले. समोर आंब्याला मोहोर, खाली शेतात वाल आणि कुळीथ. मला आमचे आजार आठवत होते. ताप आला की आक्का पेज करायची, वर लिंबाच्या लोणच्याचा खार. गोधडीत गुंडाळायची. खोकला झाला की अडुळशाची पानं वाफवून रस. पोट दुखलं की कुड्याच्या सालीचा काढा, एवढा कडू की दुखणं विसरून आम्ही त्या काढ्यालाच रडायचो. कोणी घाबरायचं नाही. वाडीतल्या बायका येऊन बसायच्या, गप्पा मारायच्या, जाताना कपाळाला हात लावायच्या. मुंबईला न्या, असं कोणी बोलायचं नाही. मी आक्काला हे सगळं बोलून दाखवलं. बोलले, "तेव्हा किती बरं होतं. सगळी बरी व्हायची."

आक्का तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

रविवारी उजाडल्यावर तिनं सहाण घेतली, मूळ घेतलं. कसलं मूळ ते विचारायचं नसतं. अंगणात ऊन आलं तिथं दुर्वाला बसवली आणि बोलली, "झबला काढ." मी काढलं. दुर्वाच्या बरगड्या वरखाली होत होत्या. आक्काला नीट दिसत नाही, म्हणून तिनं छातीवर हात ठेवला. तो हात तिथंच राहिला. मग ती वाकली आणि कान लावला. दुर्वा हसली, तिला गुदगुल्या झाल्या.

आक्कानं मूळ उचललं आणि फडक्यात बांधून ठेवलं.

"हा मुडदूस नाय."

"आत्या, दे ना तू. तू दिलंस की होईल बरी. मला पण तूच बरी केलीस."

"तुजा वेगला व्हता. हिच्या छातीत धडधड नाय, घरघर हाय. जात्यासारखी. डाक्टरला दाखवलंस?"

मी दुर्वाला झबलं घालायला लागले.

"दाखवलंस की नाय?"

"दाखवलं."

"मग माज्याकडं कशाला आलीस?"

मला रडू आलं. बोलले, "ते कापणार आहेत आत्या. इथं तर कोणाला कापलं नाही. सगळी अशीच बरी झाली."

आक्का बोलली, "सगळी? ह्याचा नाव केरू का, ठाव हाय तुला?"

काका दारात चहा पित होता. "सकाळ सकाळ नको गो ते," तो बोलला.

"गप रे. तिला कलू दे." मग ती माझ्याकडं वळली. "ह्याच्या आदी आयची तीन गेली. दोन पोरगे आन् एक चेडू. चेडू अडीज-तीन वर्साचा झालेला, माज्या कडेवर असायचा. असाच धापायचा. ओठ काले पडायचे. सगली बोलली, मुडदूस. माज्या आयनं ह्येच औषद उगालून दिलान. दर ऐतवारी. चार ऐतवार दिलान, पाचवा आलाच नाय."

दुर्वा सहाणेवर बोट फिरवत होती.

"मग हा झाला. सुईणीनं ह्याला नेऊन केराच्या ढिगावर ठेवलान. आयनं सूपभर कोंडा दिलान आन् परत इकत घेतलान. नाक टोचलान. देवाला वाटू दे, पोरगी हाय, केर हाय, कोनाला नको हाय. म्हणून ऱ्हायला."

काका बोलला, "कोंड्याच्या भावात आलोय मी. म्हणून अजून टिकलोय." आणि हसला. आम्ही कोणी हसलो नाही.

मी आत जाऊन पिशवीतनं कागद आणला. आक्काला वाचता येत नाही, काकाला थोडं मराठी येतं, कागद इंग्रजी. त्यात मशीनचं काळं चित्र होतं, ते काकानं उलटसुलट करून बघितलं. मी सांगितलं, भोक आहे, ते शिवणार, नाहीतर ठिगळ लावणार.

"शिवतात?" आक्का बोलली.

"हो."

"आन् मग बरा होतो?"

"बोलले, बरी होतात."

"मग शिवून घे ना गो बाय! माज्या आयला कोनी बोलला असता शिवतो, तर ती चालत गेली असती मुंबैला."

काका लगेच बोलला, "ऐकलंस? आणि स्वतःचा डोळा दाखवायला कराडपर्यंत जाईत नाय."

"माजा काय ऱ्हायलाय बघायचा? तुजा थोबाड?"

मला त्या रडण्यातच हसू आलं. दुर्वा पण हसली, तिला काय कळलं नव्हतं तरी.

दुपारी दुर्वाला कडेवर घेऊन मी वाडीत फिरून आले. ओळखीची घरं, काही बंद, कुलूपं गंजलेली. धोंडू आजोबांचं घर. दगडू काकांचं घर. भिकी मावशीचं घर. ह्या नावांचं आम्ही लहानपणी गाणं केलं होतं, ओरडत पळायचो आणि शिव्या खायचो. आज प्रत्येक दारासमोर मी थांबत होते. धोंडूच्या आधी किती गेली असतील? भिकीच्या आधी? मी ज्यांना बघून मोठी झाले ती सगळी जगलेली होती. जी नाही जगली ती मला आठवणार कशी. त्यांची कोणी नावं पण काढत नाहीत. ते चेडू, आक्काच्या कडेवरचं, माझी आत्याच झाली असती.

भिकी मावशीच्या पायरीवर बसून राहिले. मावशीनं कोकम सरबत दिलं. बोलली, "पोरगी बारीक आहे गो." मी पहिल्यांदाच कोणाला तरी खरं सांगितलं. "हृदयाला भोक आहे मावशी. ऑपरेशन करायचंय." बोलले आणि वाटलं, आता झालं, आता हे खरंच आहे.

सोमवारी निघालो. सकाळची गाडी धरा, चिपळूणला बसायला जागा मिळते. आक्कानं दुर्वाची दृष्ट काढली, मीठ-मोहरी-मिरच्या चुलीत टाकल्या. आम्ही खोकलो नाही, म्हणजे दृष्ट लागलेली होती असं ती बोलली. मग दुर्वाच्या डोक्यावर हात ठेवून बोलली, "त्या डाक्टरच्या हाताला गुण येऊ दे." काकानं वालाच्या शेंगांची पिशवी दिली आणि रिक्षापर्यंत दुर्वाला स्वतः उचलून आणलं. रिक्षात बसताना हळूच बोलला, "ऑपरेशन झाला की फोन कर. आक्काला नको, माला कर. मी तिला सांगतो."

चिपळूणला स्टँडवर गाडी लागायची होती. मी कागदावरच्या नंबरला फोन लावला, दुर्वाचं नाव सांगितलं. तिकडून बाई बोलली, "आई बोलताय का? आम्ही वाट बघत होतो." मला वाटलं ओरडतील. ओरडल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मुंबईला भरती व्हायला सांगितलं, रेशनकार्ड आणि आधार आणा बोलल्या, सरकारी योजनेत बसतंय. मी हो बोलले. फोन मी दोन्ही हातांनी धरला होता.

घरी आले ते एवढी दमून की पिशवी दारातच ठेवली. दोन दिवसांनी मिस्टर आले. सगळं सांगितलं, खोकला सांगितलेला ते खोटं होतं, ते पण. त्यांनी पिशवीतनं कागद काढून बघितला. मग बोलले, "मला न विचारता हो बोललीस?"

"बोलले."

"बरं केलंस. मला जमलं नसतं."

आता तुम्ही विचाराल, वाडीला जावं का. जरूर जा. हवा चांगली आहे, पाणी गोड आहे. माणसं अजून कपाळाला हात लावून विचारतात, ते मला दवाखान्यात कुठं मिळालं नाही. तुमच्या घरात पेज असेल, काढा असेल, तो पण द्या. पण मूल धापत असेल तर आधी दवाखाना, मग माहेर. मी उलटं केलं आणि आठवडा घालवला. माझं नशीब, तिथं आक्का होती आणि तिनं कान लावला. भीती गेलेली नाही. जेवताना येते, भांडी घासताना येते. ऑपरेशन अजून व्हायचंय, काय होईल ते मला माहीत नाही.

काल संध्याकाळी बंदरावर गेलो होतो. बोटी लागत होत्या, बर्फाची गाडी आलेली. दुर्वाला मांजर दिसलं आणि ती माझा हात सोडवायला लागली. चालायला लागल्यापासून मी तिला एकच सांगत आलेय, धावू नको. काल पण तोंड उघडलं तेच बोलायला. पण बोलले, "आत्ता नको. थोडे दिवस थांब."

ती थांबली नाही. चार पावलं गेलीच, आणि खाली बसली. मी पण तिच्या बाजूला बसले.