'टोळी' गाणारा विक्या

विक्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी श्रीरामपूर स्टँडवर कोल्हारच्या गाडीत बसलो होतो. डेंग्यू झाला होता, प्लेटलेट्स सावरल्याच नाहीत... मी गावात पोहोचेपर्यंत पारावर वेगळंच ठरलं होतं. "डेंग्यू कशाचा? काहीतरी घेत असंल. न्हाईतर शुद्धीतला मानूस गुरावानी वरडतो व्हय?"

ओरडणं म्हणजे त्याचं गाणं. 'चिपाड' हा त्याचा न्यू मेटल बँड. जड गिटार, मधेच रॅपसारखं तडातड बोलणं आणि मग पोटातून आलेली किंकाळी. ऊसतोड्यांवरचं 'टोळी' हे त्यांचं पहिलं गाणं. पत्र्याच्या खोलीत गोधड्या टांगून रेकॉर्ड केलेलं. गाण्याआधी विक्याच्या मिठाच्या गुळण्या, चहासुद्धा बंद. एका हळदीत पोरांनी ते डीजेवर लावलं, तर शेजारची म्हातारी ताट घेऊन आली. "कुनाच्या अंगात आलंय? देव कोनता हाय?" पोरांनी स्पीकरकडं बोट दाखवलं, तेव्हा तिनं स्पीकरलाच कुंकू लावलं. विक्या हसून हसून खाली बसला. "आज्जे, एवढा मान कुनीच दिला न्हाई बघ!"

खरंच नव्हता दिला. मोबाईलवर त्याच्या गाण्याखाली 'रेडा सुटला' असं लिहिणारेच आज 'आमचा वाघ' म्हणून त्याचा फोटो लावतात. मला त्यांच्या हळहळीवर विश्वास नाही. फोटोला हार घालायचा आणि पारावर तेच बोलायचं.

ते बोलणं त्याच्या आईपर्यंत, सुमनकाकूंपर्यंत गेलंच. परवा त्यांनी मला बोलावलं. आमच्या आळीतला पहिला पदवीधर मी, आणि त्याचा अभिमानही आहे मला. वाटलं, आपण सांगितलं की संपलं.

"खरं सांग. पोरगं काय घेत हुतं का?"

"नाही काकू. शपथ."

"तू त्याचा मैतर. तू झाकनारच." मग म्हणाल्या, "ते गानं लाव."

त्यांनी ते कधी नीट ऐकलंच नव्हतं. किंकाळीच्या आधी गिटार थांबते, विक्या श्वास घेतो. खोल, सावकाश... काकूंनी हात वर केला. "हितनं परत." मी तेवढंच परत लावलं. मग आणखी एकदा. त्या मोबाईलला कान लावून बसल्या होत्या.

"दारुड्यासंग जन्म काढलाय मी. नशेतल्या मानसाला असा दम धरता येत न्हाई." पदरानं डोळे पुसून त्या उठल्या आणि पाराकडे उघडणारी खिडकी त्यांनी सताड उघडली.

"आता मोठ्यानं लाव."