काचेचा पेला

रजिस्ट्रार कचेरीतले एक कारकून रोज संध्याकाळी कुंभकोणमच्या जुन्या कॉफी क्लबात आमच्यात येऊन बसत. पितळी पेला ओठांना न लावता वरून कॉफी तोंडात ओतत. सदऱ्यावर कधी थेंब नाही. उष्ट्याचं एवढं वावडं असलेला माणूस मला जरा अवघडच वाटे.

एकदा आम्ही नव्या शाळामास्तरांना सोबत नेलं. वाढप्याला त्यांची जात ठाऊक होती. त्यानं त्यांना कॉफी दिली ती वेगळ्या ठेवलेल्या काचेच्या पेल्यात. कारकुनांनी तो उचलला, चक्क ओठांना लावून घोट घेतला आणि आपला पितळी पेला मास्तरांपुढे सरकवला.

"मज हाच बरा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बसण्याआधीच त्यांनी काचेचा पेला मागितला. मग आम्ही सगळ्यांनीच मागितला. क्लबात तसला पेला एकच होता.